नकाशा नसलेली गुराब

समुद्रापासून शंभर किलोमीटरहून लांब, पाबळसारख्या कोरड्या गावात बसून कुणी शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती बनवतो, याची आमच्या नातेवाइकांना गंमत वाटते. त्यातून हमखास एक प्रश्न येतो, "इंग्रजांची 'व्हिक्टरी' कशाला? मराठ्यांची गुराब का नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण 'व्हिक्टरी' आजही पोर्ट्समथला उभी आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली'सुद्धा इंग्लंडात हार्टलपूलला जपलेली आहे. मापं घ्यायला जहाजच समोर आहे. गुराबेचं तसं नाही. आपल्या सुतारांचं माप हातात आणि नजरेत असायचं, कागदावर नाही. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रातून इंग्रज, जमिनीवरून पेशव्यांची फौज! मस्तानीची कबर आमच्या पाबळात आहे, तिच्या बाजीरावाचा मुलगा नानासाहेब तेव्हा पेशवा होता. म्हणजे दोष फक्त परक्यांना देऊन मोकळं होता येत नाही.

मग काय, गुराब करायचीच नाही? काही मंडळी म्हणतात, अंदाजाने केलेली प्रतिकृती म्हणजे खोटा इतिहास. मला हे पटत नाही. युरोपी जहाजावर भगवा लावून 'मराठा आरमार' म्हणून शोकेसमध्ये ठेवणं, हे खोटं. पण जे ठाऊक आहे त्यावर उभं राहून बाकीचा अंदाज करणं खोटं नव्हे.

आणि ठाऊक आहे बरंच. अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्मने गुराबेचं वर्णन लिहून ठेवलंय. दोन किंवा तीन डोलकाठ्या, पुढे लांब निमुळती नाळ, त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. सोबतीला वल्ह्यांची हलकी गलबतं. एवढ्यावर सांगाडा उभा राहतो.

अलीकडचंच उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून, खिळे न वापरता, फळ्या काथ्याने शिवून 'कौंडिण्य' बांधलं गेलं. नकाशा नव्हताच. आधी आयआयटी मद्रासमध्ये छोट्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली. मे २०२५ मध्ये ते नौदलात आलं आणि जानेवारी २०२६ मध्ये पोरबंदरहून मस्कतला पोहोचलंसुद्धा. चित्रात जे दिसत नव्हतं, ते बांधताना विचारावं लागलं.

हाताने करता करता शिकायचं, हे पाबळला नवं नाही. डॉ. कलबागांनी १९८३ साली इथे विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचाराने. १:५० ची प्रतिकृती म्हणजे लांबी पन्नासावा भाग, पण आकारमान सव्वालाखावा भाग! हे फळ्यावर पाठ होतं, लाकूड तासताना कळतं. फळी वाफेवर का वाकवायची, डोलकाठी मागे सरकली तर शिडाचं काय होतं, हेही तसंच.

माझं म्हणणं एवढंच, की भाचरांना परदेशी किटचा खोका जरूर द्या, हात बसेल. पण पुढची गुराब असू द्या. खाली छोटी पाटी लावा, कुठला भाग पुराव्यावरून आणि कुठला अंदाजाने. उद्या कुणाला नवं चित्र, नवा कागद सापडला तर तेवढाच भाग काढून पुन्हा करता येईल. लाकडाचं हे बरं असतं.

तुम्हाला काय वाटतं? जरूर लिहा.