कऱ्हाकांठचा वाडा कोणीं बांधला?

बारामतीस कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हे नाईक सावकारीवर मोठे झाले. पहिल्या बाजीरावास त्यांनीं कर्ज दिलें. बाजीरावाची बहीण भिऊबाई त्यांचे बंधु आबाजी यांस दिली होती. तरी बाजीराव वारल्यावर, १७४० सालीं, पेशवाईचीं वस्त्रें आपणांस मिळावींत म्हणून नाईकांनीं शाहू छत्रपतींकडे खटपट केली, ती फसली. कवि मोरोपंतांस आश्रय त्यांचाच. पंत १७९४ त बारामतीसच वारले.

हा इतिहास खरा, पण अर्धा. वाड्याचे दगड कोणीं फोडले? घाण्यावर चुना कोणीं दळला? सरकारचें कर्ज फिटे तें वसुलांतून, आणि वसूल निघे तो कुणब्याच्या खळ्यांतून. त्या कुणब्याचें नांव कोठें आहे? इंदापुरीं मालोजीराजे भोसले पडले, त्यांचें नांव राहिलें. संगतीं पडलेले शिपाई कोण होते?

वाचकहो, आमचें सांगणें एवढेंच. घरच्या पेटींतलें जुनें खत, पावती चुलींत घालूं नका. मोडी असेल तर जाणत्याकडून उतारा करून घ्या. म्हाताऱ्यांस विचारून घराण्याची हकीकत पोरांच्या हातून वहींत लिहवा. नाईकांचें नांव कागदांनीं राखलें; आपलें राखावयास दुसरा कोणी येणार नाहीं.