आर्क्टिकमधील क्रूझ पर्यटन : दुर्गमतेची किंमत कोण मोजणार?

ग्रीनलँडच्या ईशान्य किनाऱ्यावरील आल्पेफियॉर्ड या चिंचोळ्या खाडीत ११ सप्टेंबर २०२३ रोजी ‘ओशन एक्सप्लोरर’ हे प्रवासी जहाज उथळ तळाशी रुतले, तेव्हा त्यावर २०६ जण होते. जहाजात पाणी शिरले नव्हते, कोणी जखमी झाले नव्हते. मात्र सर्वांत जवळची मानवी वस्ती, इट्टोक्कोर्टूर्मिट, तेथून सुमारे २४० किलोमीटरवर होती आणि ती वस्तीही राजधानी नूकपासून जवळपास १,४०० किलोमीटर दूर आहे. मदतीला निघालेली डेन्मार्कच्या नौदलाची गस्ती नौका त्या वेळी दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर होती. भरतीच्या पाण्याच्या आधाराने जहाज मोकळे करण्याचे आधीचे प्रयत्न फसले. अखेर १४ सप्टेंबरला ‘ताराजोक’ या नौकेने ते ओढून बाहेर काढले. ‘ताराजोक’ ही काही बचावनौका नव्हे. ग्रीनलँडच्या निसर्गसंसाधन संस्थेची, माशांच्या साठ्यांचा अभ्यास करणारी ती संशोधन नौका आहे.

सारे सुखरूप परतल्याने ही घटना लवकरच बातम्यांतून बाजूला पडली. तथापि दोनच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्याच फियॉर्ड-समूहातील डिक्सन फियॉर्डमध्ये डोंगरकडा कोसळला. पायथ्याची हिमनदी तापमानवाढीने रोडावल्यामुळे कड्याचा आधार गेला होता. सुमारे अडीच कोटी घनमीटर खडक व बर्फ पाण्यात पडला आणि २०० मीटर उंचीची लाट उसळली. अरुंद खाडीत पाणी पुढे-मागे हेलकावत राहिले व त्याची कंपने नऊ दिवस जगभरच्या भूकंपमापकांवर नोंदली गेली. एला बेटावरील निर्मनुष्य लष्करी तळाचे नुकसान झाले. डिक्सन फियॉर्ड हा क्रूझ जहाजांच्या नित्याच्या मार्गांपैकी एक आहे; त्या दिवशी तेथे जहाज नव्हते, एवढेच. २०१७ मध्ये पश्चिम ग्रीनलँडमधील अशाच लाटेने नुगात्सियाक या गावातील चौघांचा बळी घेतला होता.

या दोन घटनांमधून आर्क्टिकच्या ‘मोहीम पर्यटना’समोरील खरा प्रश्न पुढे येतो. या व्यवसायात छोट्या जहाजातून दुर्गम किनाऱ्यांवर जायचे, हिमनदीच्या कड्यापाशी नांगर टाकायचा आणि रबरी बोटींतून प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवायचे, असा क्रम असतो. जेथे रस्ता नाही, धक्का नाही, गाव नाही, तेथे नेण्याचेच पैसे घेतले जातात. म्हणजे दुर्गमता हाच विक्रीचा माल आहे. संकट आले की मात्र हीच दुर्गमता मदतीच्या आड येते आणि ती पार करण्याचे काम जहाज कंपनीकडे राहत नाही. ते किनारी राष्ट्राच्या तुटपुंज्या यंत्रणेवर येऊन पडते.

गेल्या चार दशकांत आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. बर्फ मागे हटल्याने पूर्वी बंद असलेले मार्ग खुले झाले. पण पाण्याखालचा तळ त्यामुळे ज्ञात झालेला नाही. हिमनदीने नुकत्याच मोकळ्या केलेल्या तळाची मोजणी कोणी केलेली नसते. कॅनडाच्या आर्क्टिक सागराचाही मोठा भाग आधुनिक पद्धतीने मोजला गेलेला नाही. तेथील कोरोनेशन आखातात ऑगस्ट २०१० मध्ये ‘क्लिपर अ‍ॅडव्हेंचरर’ १२८ प्रवाशांसह खडकावर चढले. मदतीसाठी बर्फभेदी नौका ‘अमुंडसेन’ पोहोचायला सुमारे दोन दिवस लागले. या प्रकरणाची एक बाजू विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तो उथळा २००७ मध्येच आढळला होता आणि त्याबाबत खलाशांसाठी सूचनाही निघाली होती. जहाजावर मात्र ती पोहोचली नव्हती. पुढे कॅनडाच्या न्यायालयाने जबाबदारी मालकांवर ठेवली. तरीही आठ वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, त्याच देशाच्या आर्क्टिक पाण्यात ‘अकादेमिक योफे’ हे जहाज तळाला घासून अडकले. त्यातील प्रवाशांना जवळच असलेल्या त्याच्या जोडीच्या जहाजाने सोडवले.

नियम नाहीत असे नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ध्रुवीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून अमलात आहे. जहाजाची बांधणी, उपकरणे, अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण, सांडपाणी या सर्वांबाबत तीत तरतुदी आहेत. जीवरक्षक साधने बचाव पोहोचेपर्यंतच्या अपेक्षित कमाल काळासाठी पुरली पाहिजेत आणि हा काळ कोणत्याही स्थितीत पाच दिवसांहून कमी धरू नये, असे संहिता सांगते. आर्क्टिकमध्ये मदत पाच दिवस येणार नाही हे गृहीत धरूनच तेथील प्रवासाला परवानगी मिळते, असा याचा सरळ अर्थ आहे. थंडी, वारा आणि प्रवाशांमधील वृद्धांची संख्या पाहता, बोटीत किंवा किनाऱ्यावर काढलेले पाच दिवस कसे असतील याची कल्पना करावी.

स्वालबार्ड द्वीपसमूहात नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून अधिक कठोर मार्ग स्वीकारला. संरक्षित क्षेत्रांत २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही; तेथे उतरण्यासाठी केवळ ४३ ठिकाणे निश्चित केली आहेत. ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. व्यवसायातील संघटनांनी व स्थानिक मार्गदर्शकांनी यावर आक्षेप घेतले. पर्यटक थोड्याच ठिकाणी एकवटतील, हा त्यांचा मुद्दा अगदीच निराधार नाही. कोळशाची शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झालेल्या लाँगइयरब्येनला उत्पन्नाचे दुसरे साधन हवे आहे, हेही खरे. परंतु हे नियम मुख्यतः निसर्गरक्षणासाठी आहेत. एका जहाजावर किती प्रवासी असावेत हे ते ठरवतात. एका हंगामात किती जहाजे यावीत हे ठरवत नाहीत. शोध व बचावाच्या खर्चासाठी प्रवास आयोजकांना विमा अथवा हमी द्यावी लागते, ही तरतूद योग्यच आहे. मात्र विम्याने खर्च भरून निघतो, हाकेच्या अंतरावर नौका उभी राहत नाही.

नशिबाचा वाटा येथे फार मोठा राहिला आहे. जून १९८९ मध्ये ‘मॅक्सिम गोर्की’ हे सोव्हिएत जहाज स्वालबार्डजवळ बर्फावर आदळले. नॉर्वेच्या तटरक्षक दलाची ‘सेन्या’ नौका सुमारे चार तासांत पोहोचली, समुद्र शांत होता आणि साडेनऊशेच्या आसपास माणसे वाचली. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्याच मुख्य भूमीलगत ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिने वादळात बंद पडली. त्यावर १,३७३ जण होते. हेलिकॉप्टरांनी अथक फेऱ्या करून ४७९ जणांना उचलले. उरलेल्यांसह जहाज बंदरात आले. हे घडले ते रुग्णालये, विमानतळ आणि हेलिकॉप्टर तळ असलेल्या किनाऱ्याजवळ. ईशान्य ग्रीनलँडमध्ये अशा सोयी जवळपास नाहीतच.

म्हणून दुर्गम पाण्यात जहाजांनी एकमेकांच्या टप्प्यात राहून जोडीने प्रवास करावा, ही सूचना ऐच्छिक न ठेवता परवान्याची अट व्हायला हवी. ‘योफे’च्या प्रवाशांना त्यानेच तारले. यामुळे खर्च वाढेल, तिकीट महागेल आणि निर्जन किनाऱ्यावर आपणच एकटे असल्याचा आभास ओसरेल; व्यवसायाचा विरोध मुख्यतः या शेवटच्या कारणासाठी असेल, असे वाटते.

भारताचा या प्रदेशाशी संबंध केवळ पर्यटकांपुरता नाही. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या देखरेखीखालील ‘हिमाद्री’ हे संशोधन स्थानक २००८ पासून स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंड येथे कार्यरत आहे आणि क्रूझ जहाजेही त्या वस्तीला भेट देतात. २०१३ पासून भारत आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे. २०२२ मध्ये त्याने स्वतःचे आर्क्टिक धोरण जाहीर केले. जगभरच्या प्रवासी जहाजांवर मुंबई, गोवा, केरळ, तामिळनाडूतील खलाशी व कर्मचारी काम करतात आणि अपघात झाल्यास प्रवाशांना बोटींत बसवून शेवटी उतरण्याची जबाबदारी त्यांचीच असते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या परिषदेवर भारत निवडून येत असतो. ध्रुवीय संहितेतील नौकानयनाच्या तरतुदी १ जानेवारी २०२६ पासून मोठ्या मासेमारी नौका आणि आलिशान यॉटनाही लागू करण्याचा निर्णय याच संघटनेने घेतला होता. जोडीने प्रवासाची अट घालायची झाल्यास तो प्रस्तावही तेथेच मांडावा लागेल.