सूर्यवंशीयांची कैफियत

ज्याला झोप येत नाही त्याच्याबद्दल आपल्या समाजाला केवढी कणव! डॉक्टर त्याला गोळ्या लिहून देतात, शेजारच्या काकू जायफळ उगाळून दूध पाठवतात, आणि कविमंडळी त्याच्या जागरणाला विरह वगैरे नाव देऊन मोकळी होतात. ज्याला झोप येते, अगदी मनापासून येते, त्याच्या वाट्याला मात्र 'कुंभकर्ण', 'सूर्यवंशी' आणि 'लोळागोळा'. ताटातले सगळे संपवणाऱ्या मुलाचे आपण चारचौघांत कौतुक करतो. झोप ही भूकच, पण ती भागवणारा तेवढा आळशी! सुज्ञ वाचकांनीच सांगावे, हा कुठला न्याय?

आम्हा निद्राप्रेमींचा छळ घरापासूनच सुरू होतो. केर काढायला आलेली आई आधी पंखा बंद करते. केर काढून होतो, आई निघून जाते, पंखा मात्र बंदच राहतो. घड्याळाबाबत घरातील वडीलधाऱ्यांचे सत्यप्रेम सकाळी पूर्ण लोपते. "अरे ऊठ, आठ वाजले!" या घोषणेचा अर्थ साडेसहा वाजून गेले असा घ्यायचा असतो, हे मी इयत्ता पाचवीतच ओळखले. त्यानंतर कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, भंगारवाल्याची आरोळी, आणि 'अजून झोपलाय वाटतं?' असे खास आपल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणारे पाहुणे. पण सर्वांत मोठा पराभव फोनवर होतो. पलीकडून प्रश्न येतो, "झोपला होतास का?" आणि आपण घोगऱ्या आवाजात, जणू चोरी पकडली गेल्याप्रमाणे म्हणतो, "छे छे, जागाच होतो!" जेवत असलो तर जेवतोय म्हणून सांगायला आपल्याला लाज वाटत नाही. मग झोपेचीच का वाटावी?

धर्मग्रंथांचा आधार नेहमी पहाटे उठणारेच घेतात, म्हणून त्यांच्याच मैदानात उतरतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे, हे वाक्य आमच्या तोंडावर शंभरदा फेकले गेले आहे. परंतु त्याच श्लोकात, त्याच दमात, अति जागणाऱ्यालाही तो साधत नाही असे भगवंत म्हणतात. तो अर्धा श्लोक सर्वांच्या विस्मरणात कसा जातो? चरकाने शरीराचे तीन आधार सांगितले, त्यांत आहाराच्या शेजारी निद्रेला बसवले आहे. सप्तशतीत देवीला ज्या अनेक रूपांत नमस्कार केला आहे, त्यांतले एक रूप झोपेचे आहे. आणि साक्षात विष्णू आषाढी एकादशीला निजतात ते कार्तिकी एकादशीला उठतात. चार महिने! त्यांच्या अंगावरचे पांघरूण ओढायची कोणाची प्राज्ञा आहे?

बिचाऱ्या कुंभकर्णाची तर मला फार दया येते. ढोल-ताशे वाजवून, अंगावर हत्ती चालवून त्याला उठवले. उठल्या उठल्या त्याने रावणाला, सल्लामसलत न करता तू हे काय आरंभलेस, असे सुनावले. लंकेतील जागे दरबारी होस हो मिळवत असताना ताज्या झोपेतून उठलेला हा माणूस खरे बोलला. मग लढायला गेला आणि मारला गेला. बदनाम झाली ती झोप. झोपमोड करणाऱ्यांची नावे कोणाला आठवतात?

आता 'सूर्यवंशी' या शिवीकडे वळतो. आमच्या महाविद्यालयाचा पहिला तास ७ वाजून १० मिनिटांनी सुरू होतो. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. पुण्याकडे चार-पाच मिनिटे आधी, एवढेच. म्हणजे त्या दिवसांत प्राध्यापक हजेरी घेत असतात तेव्हा स्वतः सूर्यच गैरहजर असतो! सूर्याबरोबर उठणारी आमची जमात तरी आणखी काय करणार?

याचे कारण घड्याळात आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची. ती रेषा अलाहाबादजवळून (आता प्रयागराज म्हणायचे) जाते. आपण पश्चिमेला, त्यामुळे मुंबईची सूर्याची वेळ या घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. १ जानेवारी १९०६ ला ही प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईकरांनी ती मुकाट्याने स्वीकारली नाही. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले. स्वतःची जुनी 'बॉम्बे टाइम' या शहराने कुठे कुठे १९५५ पर्यंत जपून ठेवली. आमचे इतिहासाचे विद्यार्थी स्वातंत्र्यलढ्यावर प्रकल्प करतात ते योग्यच आहे. पण अंधारात उठून भोंग्याच्या आधी गिरणीत पोचणाऱ्या माणसाला ३९ मिनिटांची किंमत काय वाटत असेल, यावरही कोणीतरी लिहावे. ती माणसे आळशी नव्हती, एवढे तर कोणीही मान्य करील.

शास्त्रही आता आमच्या बाजूने बोलू लागले आहे. शरीरात वेळेचे एक घड्याळ असते. ते पेशीतील जनुकांवर कसे चालते हे फळमाशीत शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. पौगंडावस्थेत हे घड्याळ पुढे सरकते. रात्री झोप उशिरा येते, सकाळी जागही उशिरा येते, आणि विशीच्या आसपास हा उशीर सर्वांत जास्त असतो. वयानुसार ते पुन्हा मागे येते. म्हणून आजोबा चार वाजता उठतात! तो त्यांचा पराक्रम असेलही, पण त्यात वयाचाही हात आहे. मोबाइलच्या उजेडाने झोप आणखी लांबते, हा आमच्यावरचा आरोप मला मान्य आहे. मोबाइल उशापासून दूर ठेवू. परंतु मोबाइल नव्हते तेव्हाही वसतिगृहातील मुले सकाळी उठत नव्हती, याची साक्ष आमचे काही प्राध्यापक खासगीत देतील.

गंमत पुढेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत. उत्तम झाले, लहानग्यांची झोप झालीच पाहिजे. पण ज्या वयात माणूस आपण होऊन पहाटे उठून घर डोक्यावर घेतो त्या वयाला नऊची सवलत, आणि ज्या वयात डोळा उघडत नाही त्याला ७.१०! कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायद्यानेच तिथल्या हायस्कुलांना साडेआठच्या आधी भरण्यास मनाई आहे. आपल्याकडे कायदा नको, पण निदान विचार तरी व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांना पोलिसांनी मध्यरात्री उठवले होते, त्या प्रकरणात. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही रात्रभर चाललेल्या चौकशीच्या संदर्भात झोपेचा हक्क उचलून धरला. आरोपीला जे मिळते ते प्रथम वर्ष कला शाखेला मिळू नये?

येथपर्यंत थट्टा झाली. आता जे खरे बोलायचे आहे ते बोलतो. आमच्या वर्गात पहिल्या तासाला पेंगणारे बहुतेकजण मऊ गादीवरून आलेले नाहीत. कोणी रात्री बारापर्यंत हॉटेलात काम करून येतो. कोणाच्या घरी पाणी पहाटे साडेचारला येते, आणि ते भरून, भावंडांचे डबे करून ती मुलगी पावणेसहाची एस.टी. पकडते. तिसऱ्या बाकावर तिची मान कलते, आणि वर्गात आवाज येतो, "काय, रात्री झोपला नव्हता वाटतं?" सगळे हसतात. मीही हसतो. पण त्या प्रश्नाचे खरे उत्तर 'नाही, झोपले नव्हते' असे असते, आणि ते ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. पेंग हा आळसाचा पुरावा नव्हे. ती थकबाकी आहे.

मग महाविद्यालय साडेआठला भरवावे का? येथे माझी पंचाईत होते. दुपारी हीच इमारत कनिष्ठ महाविद्यालयाला लागते. शिवाय कित्येकजण बारा वाजता सुटून कामावर जातात. वेळ पुढे ढकलली तर ज्यांच्यासाठी मी भांडतो आहे त्यांचीच रोजी बुडेल. म्हणून मागणी लहानशी करतो. ७.१० चा तास ऐच्छिक ठेवावा. ग्रंथालय, शंकानिरसन, निबंधलेखनाचा सराव असे काही त्यात असावे. हजेरीचा, पंचाहत्तर टक्क्यांच्या हिशेबातला पहिला तास आठचा असावा. त्यासाठी रोजच्या तीन मधल्या सुट्ट्यांतील एक कमी केली तरी आमची हरकत नाही. आणि भाषाशास्त्राचा तास, तो कितीही सुंदर शिकवला जात असला तरी, पहिला ठेवू नये. स्वनिम आणि स्वन यांतला फरक सूर्योदयापूर्वी कळलेला विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही.

या मागणीचा अर्ज तयार आहे. तो घेऊन प्राचार्यांना भेटायला जायचे आहे. विद्यार्थ्यांना भेटण्याची त्यांची वेळ सकाळी पावणेसात ते सात आहे.