सभेक जाव काय तोडीक रव?



२०२४ साल आपल्या भागात निवडणुकीचं साल म्हणून लक्षात राहील. ७ मे रोजी लोकसभेचं मतदान झालं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. मधल्या दिवसांत मेळावे, सभा, मोर्चे यांच्या गाड्यांनी तळेऱ्याचा तिठा गजबजलेला असे. त्या वेळी एका सभासदाने आम्हाला बांधावर गाठून विचारलं, "सायबानू, सभेक जाव काय तोडीक रव?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून हे चार शब्द.

आम्ही पडलो कारखान्याचे नोकर. आम्ही मोर्च्याबद्दल बोललो की "साहेब चेअरमनचे" असं म्हणायला लोक मोकळे. म्हणून आधीच सांगतो, मोर्चा ही वाईट गोष्ट नव्हे. उसाच्या भावासाठी शेतकऱ्याला रस्त्यावर यावंच लागलं आहे. १९८० साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका झाल्या, आणि त्याच नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात उसाला टनाला ३०० रुपये मागत रस्ते नि रेल्वे अडवली. त्यात शेतकऱ्यांचे प्राणही गेले. अलीकडचं सांगायचं तर, राजू शेट्टींच्या संघटनेने जयसिंगपूरच्या ऊस परिषदेनंतर २३ नोव्हेंबर २०२३ रोजी शिरोली पुलाजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. मागणी मागल्या हंगामाच्या जादा ४०० रुपयांची होती. तडजोडीत ३००० च्या आत दर दिलेल्या कारखान्यांनी टनाला १०० आणि त्यावर दिलेल्यांनी ५० रुपये द्यायचे ठरले. थोडं मिळालं, पण मिळालं. कारण मागणी एक होती, ती कोणाकडे करायची हे ठाऊक होतं, आणि उठायचं कधी हेही ठाऊक होतं.

आता आपल्या जिल्ह्यातलं पाहा. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. कुणाही मराठी माणसाचं रक्त तापेल अशीच ती गोष्ट. लोकांचा राग खरा होता. पण २८ तारखेला किल्ल्यावर दोन बाजूंचे पुढारी आणि कार्यकर्ते समोरासमोर आले, दगडफेक झाली. मग दगड कोणी आधी मारला याचीच चर्चा अधिक, आणि पुतळा पडला कसा हा मूळ सवाल मागे. राग आपला, त्यावर भाकरी भाजणारे दुसरेच!

याच साली करूळ घाट रुंदीकरणासाठी जानेवारीत बंद झाला, तो दोन्ही निवडणुका पार पडल्या तरी बंदच. वाहनं भुईबावडा नि फोंडा घाटाने फिरवावी लागली. तोडणी-वाहतूक आपल्या उसाच्या बिलातूनच वजा होते, हे सभासदाला आम्ही सांगायला नको. उमेदवार दाराशी आला तेव्हा "घाट कधी सुरू करणार, तारीख सांगा" असं आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? आम्हीही विचारलं नाही, हे कबूल करतो.

गाळप १५ नोव्हेंबरला सुरू आणि मतदान २० ला, अशीही ओढाताण त्या वर्षी झाली. तोडणी मजुराचं मत गावाकडे आणि कोयता फडात. त्यानेही मतदान करावं, मोबदला बुडता कामा नये, हे पाहणं आपलं काम आहे. मात्र तोडलेला ऊस कोणाची सभा संपायची वाट पाहत नाही. दिवसभरात गव्हाणीत गेला नाही तर वजन घटतं आणि उताराही पडतो. वजनाचं नुकसान सभासदाचं, उताऱ्याचं आपणा सर्वांचं. म्हणून सभेला जायचं असेल तर आदल्या दिवशी चिटबॉयला सांगा, तोड पुढे घेऊ. फड तोडून ठेवून मात्र जाऊ नका.

आणखी एक. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने दिलेला हक्क आहे. तो आपल्याच वार्षिक सभेत उभं राहून मागता येतो. पण पुढाऱ्याच्या सभेला साठ किलोमीटर जाणारा सभासद स्वतःच्या कारखान्याच्या सभेत सही करतो, चहा घेतो आणि घर गाठतो. हे बरं नव्हे.

तेव्हा त्या सभासदाला आमचं उत्तर असं, बाबा, दोन्हीकडे जा. पण मोर्च्यात पाऊल टाकण्याआधी तीन गोष्टी विचार: मागणी काय, कोणाकडे, आणि नुकसान कोणाचं? उत्तर मिळालं तर आम्ही तुझी तोड पुढे ढकलू. नाही मिळालं तर कोयता घे आणि फडात ये. मत काय नि मोळी काय, वेळेवर पोचली तरच तिचं वजन.