जुनी मराठी फाइल उघडली की अगम्य अक्षरं का दिसतात?

समजा, मानवतमधल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात १९९८ साली एक लग्नपत्रिका टाइप झाली. ती फाइल आज मोबाइलवर उघडली, तर ‘मानवत, जि. परभणी’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि भलतीच चिन्हं दिसण्याची शक्यता जास्त. फाइल बिघडलेली नसते, व्हायरसही नसतो. मग झालंय काय?

सुरुवातीच्या काळात एका कंपनीच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर दुसरीच्या कॉम्प्युटरवर चालत नसे. १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला, त्याच्या नकला निघाल्या आणि तो प्रश्न बराचसा सुटला. मराठीचं दुखणं मात्र अक्षरातच होतं.

कॉम्प्युटर अक्षर नाही, आकडा साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे सरकारी मानक ठरलं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसवरही मराठी उमटायची. पण छपाईच्या धंद्याने वेगळी वाट धरली. श्रीलिपीसारख्या पॅकेजेसमध्ये फॉन्टच्या मर्यादित जागांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. म्हणजे फाइलमध्ये इंग्रजीचा आकडा, मराठी फक्त चेहऱ्यावर! तो फॉन्ट नसेल, तर मुखवटा गळून पडतो.

युनिकोडमध्ये ‘म’ला जगभर एकच आकडा आहे: २३५०. विंडोज २००० पासून ‘मंगल’ फॉन्टसह ही सोय घरोघरी आली.

मग जुन्या फाइल्स सरळ बदलून का घेत नाहीत? कन्व्हर्टर आहेत, पण मूळ फॉन्ट कोणता हे आधी कळावं लागतं. शिवाय ‘जिल्हा’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी ‘ज’च्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षरं आणि रफार आले की चुका वाढतात. तपासायला माणूस लागतोच.

पीडीएफ तर जास्तच फसवी. फॉन्ट आतच असल्याने ती डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते. पण तिच्यात ‘मानवत’ शोधलं तर शून्य निकाल. दृष्टिहीनांचं स्क्रीन रीडरही तिथे अडखळतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याच मराठीतली जुन्या फॉन्टमधली साप्ताहिकं, स्मरणिका, गावोगावचे अहवाल मात्र सर्च इंजिनच्या आणि एआयच्या लेखी मराठी नाहीतच. आणि त्या फाइल्स ज्या फ्लॉपी-सीडींवर आहेत, त्या वाचणारे ड्राइव्हही आता दुकानांतून दिसेनासे होत आहेत.