नक्कल करा, पण नावासकट

हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र बऱ्याच जणींनी घराघरांत पाहिलं असेल. ‘ग्लो ऑफ होप’ त्याचं नाव. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. पण ते काढलं सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी, १९४५-४६च्या सुमारास. मूळ चित्र जलरंगातलं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांचीच मुलगी, गीता.

फुलसावंगीसारख्या गावात तैलरंग शिकायला गुरू कुठे शोधायचा? हेच चित्र समोर ठेवा. चौकटी आखून रेखाटन करा. आधी टर्पेंटाइन घातलेला पातळ थर, तो वाळला की जवसाच्या तेलातला दाट. उजेड एकाच ज्योतीचा. बोटांतून झिरपणारा तांबूस रंग जमेपर्यंत पुसायचं, पुन्हा लावायचं.

“नुसती नक्कल!” म्हणून कुणी नाक मुरडेल. अहो, गाणं शिकणारीही आधी गुरूचंच गाते ना? मात्र खाली ‘हळदणकरांच्या चित्रावरून’ असं लिहा, आणि प्रत विकू नका.

हात बसला की चुलीपुढची आपली आई रंगवा. आणि मैत्रिणींनो, त्यासाठी दुपारचा एक तास घरच्यांकडे मागायला लाजू नका. तो रिकामटेकडेपणा नव्हे, शिक्षण आहे.