अंगावरून वारं गेलं तर आधी घड्याळ पाहा



लकव्याला आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. पण यात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूला रक्त पुरविणारी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मोठी नळी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात.

शस्त्रक्रियेवाचून हा रक्तपुरवठा पुन्हा सुरू होतो काय? होतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तीन तासांत दिल्यास गुण येतो, हे १९९५ साली अमेरिकेतील अभ्यासात दिसले. २००८ साली युरोपातील अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांवर नेली. त्याआधी सीटी स्कॅन हवेच. नळी फुटलेली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिनही देऊ नका.

नरसिंहपूर नीरा-भीमेच्या संगमावर, इंदापूर तालुक्याच्या टोकाला. अशा गावात निम्मा वेळ वाटेतच जातो. उरलेला शेकण्यात, तेल चोळण्यात, कुठे कबुतराचे रक्त लावण्यात घालवू नका. त्याने मेंदूतली गुठळी हलत नाही.

मग यंत्रांचे काय? पायांना पट्टे बांधून हृदयाच्या ठोक्याबरोबर फुगविणाऱ्या यंत्राने मेंदूकडील रक्तप्रवाह वाढतो, असे हाँगकाँगमधील अभ्यासात आढळले. पण त्यामुळे रोगी चालू-बोलू लागतो, याचा पुरेसा पुरावा नाही. दंडाला पट्टा आवळून सोडण्याच्या उपचाराने २०२२ साली चीनमध्ये थोडा फायदा दिसला, २०२३ साली डेन्मार्कमध्ये दिसला नाही. रोग्याला सपाट झोपविल्याने गुण येतो का, हे भारतासह नऊ देशांत अकरा हजारांवर रोग्यांत तपासले गेले. २०१७ साली निष्कर्ष आला : फरक नाही. तेव्हा अशा यंत्रांपायी जमीन गहाण टाकू नका.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ लिहून ठेवा. पाणीसुद्धा पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. लगेच १०८ ला फोन करा. इंदापूर, अकलूज, बारामती यांपैकी सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन रात्रीही कोठे मिळते, हे आजच विचारून घरात लिहून ठेवा.

आणि घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब तपासून घ्या. लकव्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे.